पुणे ते बंगळूर शिफ्टिंगचं बजेट
पुण्याहून बंगळूरला शिफ्ट होताय ना, मग मूव्हर्सवाल्याने फोनवर सांगितलेल्या आकड्यावर बजेट करूच नका, त्याला घरी बोलवून सामान दाखवा आणि जीएसटी, इन्शुरन्स, लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे हे सगळं धरून लेखी कोटेशन घ्या. आम्ही जुनं कपाट, सोफा इथेच विकून टाकला. आईचा पाटा-वरवंटा मात्र गोधडीत गुंडाळून नेलाच, त्याचा हिशोब नाही करायचा! सगळ्यात मोठा खड्डा तिकडच्या डिपॉझिटचा, घरमालक कित्येक महिन्यांचं भाडं आधीच मागतात, ते पैसे बाजूला काढल्याशिवाय तारीख ठरवू नका. बाईक नेणार असाल तर पुण्याहून निघायच्या आधीच आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) काढा, गाडी तिकडे १२ महिन्यांच्या वर ठेवली तर नंबर बदलावा लागतो आणि तिथला रोड टॅक्सही भरावा लागतो.