पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं?

आज वाकडमध्ये एक टू बीएचके दाखवायला गेले होते. मालक न्यू जर्सीत, किल्ल्या माझ्याकडे. आलेल्या जोडप्याने मॉड्युलर किचनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिला प्रश्न पाण्याचा. दुसरा, सकाळी हिंजवडी फेज थ्रीला पोचायला किती वेळ लागतो? मग बाईंनी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन मावेल का, ते चक्क वितीने मोजलं.

घरी येऊन जाहिरातच बदलली. 'प्रशस्त, हवेशीर, प्राइम लोकेशन' उडवलं. (हवेशीर नसलेला फ्लॅट जाहिरातीत कुणी पाहिलाय का?) आता पहिल्या ओळीत पाणी, मग डिपॉझिट, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, पार्किंग कव्हर्ड की उघड्यावर. बॅचलर चालतील हेही स्पष्ट लिहिलंय, सेक्रेटरींशी आधीच बोलून.

करार रजिस्टर होणार ना, हेही त्यांनीच विचारलं. बरं वाटलं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची, पण निम्म्या मालकांना हे सांगावं लागतं.

भाड्यावरून मात्र साहेब अडलेत. जोडपं 28 हजार द्यायला तयार, यांना 30 हवेत. अकरा महिन्यांत फायदा 22 हजारांचा, आणि एक महिना फ्लॅट रिकामा राहिला की 28 हजार गेले! तिकडे सकाळ झाली की हाच हिशोब व्हॉट्सअॅपवर पाठवते.

आणि हो, हे गिऱ्हाईक कुठल्या पोर्टलवरून नाही, वॉचमनकाकांच्या ओळखीतून आलंय. सौदा झाला तर पहिलं पाकीट त्यांचं.