तुम्ही विचारलंत म्हणून: अहमदाबादच्या खाडियातलं घर का विकलं

लग्नात, बारशात, पुण्याहून कोणी आलं की, प्रश्न एकच. "एवढं सागवानी घर, तेही वर्ल्ड हेरिटेज सिटीतलं, विकवलं तरी कसं गं तुम्हाला?"

एकदाच सांगते.

2017 च्या जुलैत अहमदाबादला युनेस्कोचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीतल्या वस्तीत, पेढे वाटणारी मीच होते. भारतातलं पहिलं वर्ल्ड हेरिटेज शहर, आणि त्यात आमचं घर! हे घर कधीच विकायचं नाही असं तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, आणि ते मनापासूनच होतं. 2001 च्या भूकंपात शहरातल्या नव्या बिल्डिंगा कोसळल्या आणि आमच्या घराचं नुसतं प्लॅस्टर पडलं, कारण विटांच्या भिंतीत जागोजागी लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या, घर हललं पण धरून राहिलं. असं घर कोण विकेल?

पण वाळवीला भूकंप लागत नाही. एका पावसाळ्यात आईचा पाय माळ्याच्या फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. दुरुस्तीचा अंदाज 32 लाख. टीडीआर का नाही घेतलात, हेही विचारतात लोक. तिथे न होणाऱ्या बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायचा आणि तो पैसा घरात घालायचा, कल्पना चांगलीच आहे, पण त्याला कागद साफ लागतात, आणि आमच्या कागदावर अजून आजोबांचंच नाव, खाली अकरा वारस. दुरुस्तीसाठी तीन वर्षं सह्या मागत फिरले, मिळाल्या नाहीत. विकायचं ठरलं आणि चार महिन्यांत अकराच्या अकरा आल्या. हे मला अजून लागतं.

आणि आता जे कोणालाच सांगितलं नाहीये ते.

आमच्या भागाला अशांत धारा हा कायदा लागू आहे, म्हणजे घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते, विकणारा दबावाखाली नाही ना आणि किंमत वाजवी आहे ना हे बघतात. त्यासाठी आईचा जबाब होता. वय 81, इरकली नेसून, हातात रुमाल घट्ट धरून बसलेली. कारकून चांगला माणूस होता, पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं. मग विचारलं, "बा, राजीखुशीथी वेचो छो ने?" आई, राजीखुशीने विकताय ना?

साठ वर्षं गुजरातेत काढलेली बाई, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडणारी, पण त्या क्षणी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मघांचं पाणी धरतील ना गं हे लोक टाक्यात?"

चौकाच्या खाली आमचं टाकं होतं. पहिल्या पावसात छत धुऊन निघायचं, ते पाणी बाहेर सोडून द्यायचं, आणि मघा लागल्या की पन्हळ टाक्याकडे वळवायची. ते पाणी वर्षभर राहायचं, आई त्यातच डाळ शिजवायची, दुसऱ्या पाण्यात डाळ शिजतच नाही म्हणायची. झाकण उघडलं की आत डोकावून हाक मारायचो आम्ही, आवाज गोल फिरून परत यायचा.

कारकुनाने मला विचारलं, "शुं कहे छे बा?"

मी म्हटलं, "हा पाडे छे." हो म्हणतायत.

त्याने लिहून घेतलं. आईने सही केली, पेनाला टोपण लावून त्याच्या हातात परत दिलं आणि मग घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही.

तिला सगळं समजलं होतं. "हा पाडे छे" न कळायला ती काय पाहुणी होती? तिने मला थांबवलं नाही म्हणजे तिची संमतीच होती, असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी अजिबात नाही. माझ्या वाट्यातून मुलाच्या कॉलेजची फी गेली, हेही लपवत नाही. आणि फळीखाली तो पाय आठवला की वाटतं, परत तशीच वेळ आली तरी हेच करेन.

घर उभं आहे. झरोखा तसाच, हेरिटेज वॉकवाले अजून खाली उभे राहून फोटो काढतात. आत कापडाचं गोडाऊन आहे. मागच्या श्रावणात मी जाऊन आले, टाक्याच्या झाकणावर छातीएवढे गठ्ठे रचलेत.

आईला हे माहीत नाही. तेव्हा घराबद्दल विचारायचं असेल तर मला विचारा, फोन करून तिला विचारू नका.