साका

हापूसचं एक बरं आहे, कापेपर्यंत आतलं कोणालाच कळत नाही. ना विकणाऱ्याला, ना घेणाऱ्याला, ना ज्याच्या बागेतून आला त्याला. एप्रिलमध्ये वाशीच्या एपीएमसीत पेट्यांच्या थप्प्या लागल्या, की देठाशी नाक नेऊन डोळे मिटणारे जाणकार गाळ्यागाळ्यावर दिसू लागतात. आमचे शेजारी नाना त्यांतलेच. देठाशी खड्डा हवा, खांदे वर आलेले हवेत, साल जराशी सुरकुतली तरी चालेल. एवढं सगळं पारखून आणलेल्या फळातही साका निघायचा तो निघतोच. बाहेर डाग नाही, वास घरभर, आणि सुरी फिरवली की कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबट गर.

हे का होतं, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोकं चालवलंय. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, असं एक मत. म्हणून झाडाखाली पालापाचोळा अंथरायला सांगतात. दुसरं मत कोयीला दोष देतं. फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायच्या घाईला लागतं आणि त्यापायी भोवतालच्या गराची वाट लागते. मला हे दुसरं जास्त पटतं. पोरांच्या घाईपायी आतून पोखरलेले आणि बाहेरून टवटवीत दिसणारे आईबाप आमच्या सोसायटीत काही कमी नाहीत.

बरं, यावर उपाय नाही असंही नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला. त्यात साका होत नाही. पण गाळ्यावर जाऊन रत्नाची पेटी मागणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही. खात्रीचा आंबा समोर असला तरी आपण बेभरवशाच्याच आंब्यासाठी घासाघीस करणार.

पेटीवर छापलेल्या गावाचं तर बोलायलाच नको. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि चक्क आपला ठाणे जिल्हाही आहे. पण मी पाहिलेल्या पेट्यांवर बहुतेक करून देवगडच. कर्नाटकातून आलेला आंबाही देवगडचा होऊन विकला जातो, हे मार्केटात शेंबडं पोरही सांगेल.

नानांचा ठरलेला एक गाळेवाला आहे. “आतून कसा निघेल?” असं विचारलं, तर तो म्हणतो, “काका, आत काय मी जाऊन बसलोय?” पलीकडचा गाळेवाला छातीठोकपणे सांगतो, एक साका निघाला तर पेटी परत. नाना त्याच्याकडे फिरकत नाहीत. ज्याला आतलं माहीत नाही, त्याने तसं सांगावं, एवढीच त्यांची अट. मग त्याच्या पेटीत साका निघाला तरी त्यांची तक्रार नसते.

दरवर्षी ते आम्हाला अर्धा डझन पाठवतात. “कसा निघाला?” या प्रश्नाला आमच्याकडे “अप्रतिम!” हे एकच उत्तर आहे, एखादा केराच्या टोपलीत गेला असला तरी. नानी साक्याचा भाग सुरीने कोरून काढतात आणि उरलेला गर रसात ढकलतात. रविवारी रसपुरीच्या पानावर नाना सगळ्यांना सांगतात, “बघा, अख्ख्या पेटीत एकही साका नाही.” नानी तेवढ्यात पुऱ्या आणायला आत जातात.