भाड्याच्या बीटवरून स्वतःच्या बीटवर

रॅपर म्हणून माझी सुरुवात भाड्याच्या बीटवर, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीतावर झाली. बहुतेकांची तशीच होते. आवाज आपला, शब्द आपले आणि खाली वाजणारं सगळं दुसऱ्याचं. ऑनलाइन बीट विकणाऱ्या प्रोड्युसरांकडे ढिगाने माल तयार असतो. अमुक कलाकाराच्या धर्तीवरचा ‘टाइप बीट’ शोधायचा, आवडला की लीज घ्यायची, फाइल उतरवायची आणि लिहायला बसायचं. वाद्यांचा गंध नसलेल्या माणसालाही एका रात्रीत गाणं उभं करता येतं. ही सोय मोठी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही.

लीजच्या करारात मात्र पुष्कळ काही दडलेलं असतं, आणि बारीक अक्षरातलं वाचायची खोड मला आधीपासून होती. साध्या लीजमध्ये बीट आपला होत नाही. तोच बीट प्रोड्युसर आणखी कितीही जणांना देऊ शकतो. गाणं किती वेळा ऐकलं जावं याला मर्यादा असते, बऱ्याचदा मुदतही असते. ती संपली की लीज नव्याने घ्यायची. स्वस्तातल्या लीजमध्ये नुसती एमपी३ मिळते, त्याच्या वर वेव्ह आणि आणखी वरच्या पायरीवर स्टेम, म्हणजे किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके, बास, सुरावट असं सगळं सुटं सुटं. एक्सक्लुझिव्ह घेतलं तर तो बीट पुढे कुणाला विकत नाहीत, पण आधीच्या लीज तशाच चालू राहतात. शिवाय रचनेच्या हक्कातला वाटा, बहुधा अर्धा, प्रोड्युसरकडेच राहतो. त्यात गैर काही नाही. निम्मं गाणं त्याचंच असतं.

माझं एक गाणं जरा चालायला लागलं आणि नेमका तेव्हाच त्यावर दावा आला. व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत सापडलंय, त्यामुळे कमाई दावेदाराकडे वळेल, असा मजकूर. दावा प्रोड्युसरचा नव्हताच. तोच बीट लीजवर घेतलेल्या दुसऱ्या कुणीतरी आपलं गाणं वितरकामार्फत यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ या यंत्रणेत नोंदवलं होतं. ही यंत्रणा आवाजाचे ठसे जुळवते. बीट एकच असल्यामुळे तिला माझ्या गाण्यात त्याचं गाणं सापडलं. लीजच्या बीटची अशी नोंदणी करायची नाही, असं करारात स्वच्छ लिहिलेलं होतं, पण यंत्राला करार वाचता येत नाही. मी लीजची प्रत दाखवून हरकत घेतली. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवसांपर्यंत मुदत असते. प्रोड्युसर मध्ये पडला, दावा सुटला, आणि तोवर गाण्याची हवा निघून गेली होती.

तिथून मी बीट करायला बसले. संगीताची ओढ वगैरे नंतर आली. आधी होता तो निव्वळ राग.

लॅपटॉप, बरे हेडफोन आणि लॅपटॉपला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड एवढं पुरतं. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर लोक तासन्‌तास भांडतात. एफएल स्टुडिओ, एबलटन, लॉजिक, रीपर, काहीही घ्या आणि वर्षभर बदलू नका. माझे सुरुवातीचे बीट कवायतीसारखे चालायचे. प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडच्या रेषेवर, एकही चुकार नाही, आणि मान मात्र डोलत नाही. कारण सापडलं ते स्विंगमध्ये. रॉजर लिनने आकाई कंपनीसाठी घडवलेलं एमपीसी ६० हे बीट बनवायचं यंत्र १९८८ साली आलं. त्यावर १६ पॅड होते आणि स्विंग टक्क्यांत ठरवता यायचा. हिशोब सोपा आहे. एका मात्रेचे चार भाग केले की जे बारीक ठोके होतात, त्यांच्या प्रत्येक जोडीतला पहिला जागेवर राहतो, दुसरा किंचित मागे सरकतो. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ, ६६ च्या आसपास गेलात की दादऱ्याकडे झुकणारी चाल. मी ५४ ते ५८ मध्ये घुटमळते. आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, तरी कान तयार व्हायचा असेल तर स्नेअर आणि हाय-हॅट (ड्रमची झांज) बोटांनी वाजवून बघावेत. जे डिला नावाच्या डेट्रॉइटच्या प्रोड्युसरचे ठोके ऐका, ते पुढे-मागे लडखडतात आणि तरीही पडत नाहीत. त्याचा एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयात ठेवलेला आहे. बटणांचा एक डबा संग्रहालयात जाऊन बसतो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

खालच्या सुरांनी मला सगळ्यात जास्त छळलं. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. त्यातला लांब घुमणारा किक ड्रम आज हिप-हॉपमध्ये बासची जागा घेतो आणि नावही ‘८०८’च. हेडफोनमध्ये तो भिंती हलवतो आणि फोनवर गायब होतो, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. आवाज वाढवून उपयोग नसतो. ८०८ ला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे किंचित खरखर, दिलं की त्याच्या वरचे उपसूर तयार होतात, फोनवर ते ऐकू येतात आणि बाकीचं कान भरून काढतो. दुसरं म्हणजे ८०८ सुरात लागतो. तो गाण्याच्या पट्टीत नसेल तर हुक, म्हणजे गाण्याची परत परत येणारी ओळ, कितीही गोड म्हणा, काहीतरी आंबट लागत राहतं.

सॅम्पलिंगकडे, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरण्याकडे, मी जपून गेले. मुळात हे संगीतच दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उगवलेलं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. नाचणाऱ्यांना आवडणारा नुसत्या ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो लांबवत न्यायचा. पण अशा ब्रेकची दुसरी बाजूही आहे. ‘द विन्स्टन्स’चा ड्रमर ग्रेगरी कोलमन याने १९६९ साली वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला आणि २००६ साली तो वारला तोवर त्याला त्याबद्दल रॉयल्टी मिळाली नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला, तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं कंपन्यांना परवडेनासं झालं. परवानगीही एक नाही, दोन लागतात. ध्वनिमुद्रणाच्या मालकाची एक आणि रचनेच्या मालकाची दुसरी. पाठीशी कंपनी नसलेल्या मुलीच्या मेलला यातलं कोण उत्तर देणार?

म्हणून मी स्वतःलाच सॅम्पल करते. कीबोर्डवर चार सुरावटी वाजवायच्या, त्यावर गुणगुणायचं, सगळं एका फाइलमध्ये बाउन्स करायचं आणि मग ती परक्याची जुनी रेकॉर्ड असल्यासारखी तिच्यावर कात्री चालवायची. जुन्या रेकॉर्डची मळकट चव मिळवायची युक्तीही जुन्या लोकांचीच. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या यंत्रात सॅम्पलसाठी जेमतेम १० सेकंदांची जागा होती. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने पळवून भरायचे आणि मग यंत्रात सूर खाली आणायचे. त्यातून आवाजाला जो खरखरीतपणा आला तोच पुढे शैली झाला. मी सुरावट वरच्या पट्टीत वेगाने वाजवून खाली ओढते. कोणाला विचारावं लागत नाही.

बीट स्वतःचा झाल्यावर लिहिणंही बदलेल, याची मला कल्पना नव्हती. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं. वाक्याच्या हिशोबाने ओळी तोडत गेलं की प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘होतं’, ‘गेलं’वर आपटते आणि यमक शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाटतं. त्यावर माझा उपाय असा की क्रियापद ओळीच्या पोटात ढकलायचं आणि शेवटी नाम ठेवायचं. ‘मालकीत’ला ‘पालखीत’ भिडवायचं, म्हणजे शेवटचं एक अक्षर नाही तर पूर्ण शब्दच जुळतो. यमकाचं अक्षर दुसऱ्या किंवा चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरवर पडलं की ते दुप्पट लागतं. भाड्याच्या बीटवर हे सगळं मला स्नेअरच्या मागे धावून करावं लागायचं. आता एखादी ओळ जड वाटली की मी तिच्याखालून किक काढून टाकते. संपूर्ण बीट अर्ध्या बारसाठी (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) बंद करते. शब्दाला जागा हवी असेल तर वाद्यांनी सरकायचं, आणि वाद्यांना तसं सांगणारी मीच. मिसी एलियट गायिका-रॅपर म्हणून पुढे येण्याआधी दुसऱ्यांसाठी लिहायची आणि निर्मितीही करायची. तिच्या गाण्यांत आवाज आणि ठेका एकमेकांना जागा करून देतात, ते बहुधा त्यामुळेच.

एक हिशोब सांगते, नव्याने लिहिणाऱ्यांच्या कामाचा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाने (९० बीपीएम) १६ बार म्हणजे ६४ ठोके, साधारण ४३ सेकंद. सगळं आयुष्य एका वर्समध्ये, म्हणजे कडव्यात, कोंबू पाहणाऱ्यांनी घड्याळ लावून बघावं.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोली बोडकी असेल तर कंडेन्सर माइक खोलीच रेकॉर्ड करतो, तिथे डायनॅमिक माइक जास्त दयाळू. तोंडासमोर पॉप फिल्टर, मागे जाड रजई, लेव्हलचं टोक उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. मुख्य टेक झाल्यावर ओळींच्या शेवटच्या शब्दांचे डबल, म्हणजे तेच शब्द पुन्हा वरून रेकॉर्ड केलेले, आणि ॲड-लिब, म्हणजे मधले सुटे उद्गार, शेवटी, कारण आधी घेतले तर उत्साहात पसारा होतो. मिक्समध्ये ८०-१०० हर्ट्झच्या खालची घरघर कापते. माझ्या आवाजात स, श आणि च ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान टोचतात, तिथे ते टोचणं दाबणारा डी-एसर. मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा हात, मी स्वतः करत नाही. महिनाभर ऐकून किटलेल्या कानांना गाणं कळत नाही, ते ताज्या कानाच्या माणसाकडे जातं. पूर्वी सगळे आवाज फुगवायच्या स्पर्धेत असायचे. आता स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, तेव्हा चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त चिरडलेलं ऐकू येतं.

दरम्यान इतर रॅपर माझ्याकडे बीट मागायला लागले. मैत्रीत आधी सगळं तोंडी चालतं. मी स्प्लिट शीटवर, म्हणजे वाटणीच्या कागदावर, सही झाल्याशिवाय स्टेम पाठवत नाही. रचनेत कुणाचा किती टक्के, मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, कुणाचं, नाव कुठे आणि कसं येणार, एवढं एका पानात मावतं. गाणं चाललं नाही तर ते पान कुणी उघडत नाही, आणि चाललं तर पहिलं तेच उघडतात. काही जण दुखावले. एक जण तर बोलायचाच बंद झाला आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच्या करारात अडकल्यावर तेच पान मागायला आला. दिलं.

प्रदर्शनाचं काम कारकुनी आहे आणि मला ते आवडतं. स्वतंत्र कलाकाराला वितरक लागतो. तो गाणं सगळ्या मंचांवर पोचवतो आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळवून देतो. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग एका गाण्यात वेगळं पडलं तर ते गाणं भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं तर प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी, मी महिनाभर आधी पाठवते. ३० सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजलं जातं. आणि २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. नवख्यांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रक्कम चिल्लर असेल, पण ती त्यांचीच होती.

वितरकाकडून येतो तो फक्त ध्वनिमुद्रणाचा पैसा. रचनेचा, म्हणजे शब्द आणि संगीताचा, वेगळ्या वाटेने येतो आणि त्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत वेगळी नोंद करावी लागते. शब्द माझे, बीट माझा, मास्टर माझं, म्हणून या सगळ्या रकान्यांत एकच नाव भरते. रकमा लहान आहेत, घर त्यावर चालत नाही. दुसऱ्यांसाठी केलेल्या बीटचे पैसे त्याहून बरे येतात.

कार्यक्रमांनी मला पुन्हा बीटकडे पाठवलं. स्टेजसाठी मी वेगळी फाइल करते. मुख्य आवाज पूर्ण काढलेला, हुकचे डबल हलके मागे, आणि ज्या ओळींत श्वास पुरत नाही तिथे ॲड-लिब ठेवलेले. स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर तोंड हलवणारे रॅपर मला बघवत नाहीत. मोठ्या स्पीकरवर ८०८ चा लांबत जाणारा शेवट पुढच्या किकवर चढतो, म्हणून त्या फाइलमध्ये तो आखूड. सुरुवातही वेगळी. स्ट्रीमिंगवर लांब सुरुवात ठेवली तर ऐकणारा पुढे सरकतो, तिथे मी पहिल्याच बारला तोंड उघडते. स्टेजच्या फाइलमध्ये मात्र आधी चार बार मोकळे असतात. माइक चालू आहे का बघायला आणि नाव सांगायला तेवढे लागतातच.