पट्टा कोण ठरवते?

अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यात, नॅरागॅनसेट उपसागराच्या काठी असलेल्या खाऱ्या दलदलींत वनस्पतींचे पट्टे इतके स्पष्ट असतात की, त्यांच्या सीमा नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतात. पाण्यालगत कॉर्डग्रास, म्हणजे स्पार्टिना आल्टर्निफ्लोरा. त्याच्या वर बारीक पात्यांचे, वाऱ्याने आडवे पडणारे स्पार्टिना पेटन्स. आणि जमिनीच्या बाजूला गडद रंगाचे जंकस गेरार्डी. या सगळ्यांच्या उंचीतला फरक जेमतेम मीटरभर, आणि दोन शेजारी पट्ट्यांमधला तर काही बोटांचाच असतो.

प्रत्येक झाड आपल्याला मानवणाऱ्या उंचीवर वाढते, हे यावर सहज सुचणारे उत्तर आहे. मला मात्र ते अपुरे वाटते. ब्राउन विद्यापीठातील मार्क बर्टनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या वनस्पती एका पट्ट्यातून उपटून दुसऱ्यात लावून पाहिल्या. वरचे पेटन्स खाली, कॉर्डग्रासच्या जागी लावले, तेव्हा आसपास स्पर्धा नसतानाही ते तग धरू शकले नाही. कॉर्डग्रास वर नेले आणि शेजारचे गवत काढून टाकले, तेव्हा ते उत्तम वाढले; शेजारी राहू दिले, तेव्हा मात्र दबून गेले. म्हणजे खालची सीमा सोसण्याच्या ताकदीने ठरते आणि वरची शेजाऱ्यांच्या दाटीने.

खाली सोसायचे असते ते मुख्यतः मुळांचे गुदमरणे. दिवसातून दोनदा भरतीखाली जाणाऱ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि मुळांना घातक असे सल्फाइड साचते. कॉर्डग्रासच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोहोचते आणि मुळांभोवतीच्या चिखलातही थोडी झिरपते. जादा मीठ ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. आपल्याकडच्या खाड्यांतले तिवरही पानांतून असेच मीठ काढते, पण हवा घेण्यासाठी त्याने चिखलातून वर येणारी श्वसनमुळे घडवली आहेत. एकाच अडचणीवर दूरच्या दोन कुळांनी शोधलेले हे मार्ग पाहून मला फार आदर वाटतो.

कॉर्डग्रासच्या पट्ट्यातही सगळीकडे सारखी स्थिती नसते. ओढ्याच्या काठावर, जिथे ओहोटीला पाणी नीट निचरते, तिथे ते दीड मीटरच्या वर जाते. थोडे आत, साचलेल्या चिखलात, तीच जात गुडघ्याएवढी राहते.

वर गेल्यावर खारटपणा कमी होईल, ही अपेक्षाही पूर्ण खरी ठरत नाही. मधल्या उंचीवर समुद्राचे पाणी मुख्यतः उधाणालाच पोहोचते आणि नंतर उन्हाने उडून जाते, त्यामुळे उघड्या पडलेल्या जमिनीत मीठ समुद्रापेक्षाही जास्त साठू शकते. अशा जागी आधी मांसल सॅलिकॉर्निया किंवा धावत्या खोडांनी पसरणारे डिस्टिक्लिस येते. जमिनीवर सावली पडली की बाष्पीभवन घटते, मीठ उतरते, आणि मग पेटन्स किंवा जंकसला तिथे शिरता येते. पुढे तेच या पहिल्या रहिवाशांना हटवतात.

हा तोल नत्रावरही अवलंबून आहे. दलदलीत नत्र मुळात कमी असते आणि मुळांचे दाट जाळे असलेली वरची गवते ते आधी ओढून घेतात. प्रयोगात भरपूर खत घातल्यावर ही आघाडी संपली, स्पर्धा मुळांऐवजी उजेडासाठी होऊ लागली आणि उंच कॉर्डग्रास वरचढ ठरले. काठावरच्या वस्त्यांतून नत्र वाहून येते, तेव्हा हाच बदल प्रत्यक्ष दलदलीतही घडू शकतो. शिवाय समुद्राची पातळी वाढत असल्याने कॉर्डग्रास पेटन्सच्या जागेत सरकू लागले आहे. पेटन्स आणि जंकस यांना मागे सरकायला मोकळी जमीन हवी, आणि पुष्कळ ठिकाणी तिथे आधीच रस्ता किंवा भिंत उभी आहे.