सेंट जॉर्जच्या एका मॉर्मन घराण्याची कहाणी तपासताना: माझा अनुभव

हातात होतं नातीने टंकलेलं आठ पानी चरित्र. त्यावर तारीख नाही, आणि त्यातलं ऐकीव किती, पाहिलेलं किती याचाही पत्ता नाही. आजोबा मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे. ते हातगाडी ओढत अमेरिकेतल्या युटात आले, 1861 मध्ये तिथल्या दक्षिणेत सेंट जॉर्ज गाव वसवायला गेले, एका बायकोशी संसार केला, कापूस पिकवला. या वाळवंटी गावातल्या पायोनियर, म्हणजे पहिल्या वसाहतकारांच्या, घराण्यांची बरीच चरित्रं याच साच्यातली असतात. म्हणून एकेक विधान सुटं करून तपासलं.

हातगाडीचं लगेच निकालात निघालं. हातगाड्यांचे तांडे फक्त 1856 ते 1860 मध्ये निघाले, एकूण दहा. 1847 ते 1868 च्या प्रवाशांच्या यादीत हे नाव बैलगाड्यांच्या तांड्यात निघालं. पहिल्या फेरीत मात्र सापडलंच नव्हतं. माणूस डॅनिश, आणि तिकडे तेव्हा आडनाव बापाच्या नावावरून पडे. येन्सचा मुलगा येन्सन, मुलगी येन्सडॅटर. त्यावर कारकुनाचं कानावर पडेल तसं स्पेलिंग. अशा वेळी आडनाव सोडून द्यावं आणि वय, प्रवासाचं वर्ष, सोबतच्या मुलांची नावं यांवर शोधावं.

ऑक्टोबर 1861 मध्ये 309 कुटुंबांना दक्षिणेकडे कापूस लावायला जाण्याचा चर्चचा आदेश झाला. त्या यादीत नाव असलं म्हणजे माणूस पोहोचला असं नव्हे. काही गेलेच नाहीत, काही परत फिरले. 1870 च्या जनगणनेत हे कुटुंब सेंट जॉर्जला नव्हतंच. सापडलं रिओ व्हर्जिन काउंटीत, मडी नदीकाठच्या वसाहतीत. तो भाग शेजारच्या नेव्हाडा राज्यात असल्याचं सरहद्दीच्या मोजणीत ठरलं, नेव्हाडाने मागचा कर मागितला आणि 1871 मध्ये बहुतेक सगळे उठून गेले. चरित्रात याची एक ओळ नाही. फसलेली वसाहत नातवंडांना कोण सांगणार?

सगळ्यात जास्त वेळ बायकांच्या हिशेबात गेला, कारण तेव्हा मॉर्मन पुरुषाला एकाहून जास्त बायका असू शकत. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना जनगणनेत 1880 पासून आला; 1870 च्या पानावर बायको, बहीण, मोलकरीण सगळ्या सारख्याच दिसतात. दुसरी बायको बऱ्याचदा वेगळ्या घरात, कधी वेगळ्या गावात, स्वतःच कुटुंबप्रमुख म्हणून असते: विवाहित, पण नवरा पानावर नाही. बहुपत्नीत्वाविरुद्धच्या 1882 च्या एडमंड्स कायद्यानंतर धरपकड वाढली, तेव्हा नावंही लपवली गेली. 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921 च्या आगीनंतर गेले, त्यामुळे 1880 नंतर थेट 1900. पण 1900 चा कागद सोन्यासारखा आहे: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती. हे आकडे चरित्राशी जुळेनात, तिथेच दुसरं घर उघडं पडलं.

लग्नाचं ठिकाणही पाहावं. सेंट जॉर्जचं मंदिर 1877 मध्ये सुरू झालं. त्याआधीचं 'मंदिरातलं' लग्न लिहिलं असेल तर ते बहुधा सॉल्ट लेकच्या एन्डाउमेंट हाउसमधलं, म्हणजे मंदिर नव्हतं तेव्हा असे विधी होत त्या इमारतीतलं. युटात लग्नाचा सरकारी परवाना 1887 पासून आणि काउंटीत जन्म-मृत्यूची नोंद 1898 पासून. त्यापूर्वीच्या जन्मतारखेला वॉर्डाची (स्थानिक मॉर्मन मंडळीची) वही आणि थडगं हेच आधार. थडगी मऊ वालुकाश्माची, अक्षरं झिजलेली. ती सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचावीत, खरवडू नयेत.

राहिला कापूस. पिकला खरा, पण व्हर्जिन नदीच्या वाळूत बंधाऱ्याला पाया मिळत नसे. काटक्या-दगडांचा बांध पुरात जाई, पाट गाळाने भरे, की पुन्हा सगळ्यांनी फावडं घ्यायचं. 1869 ला रेल्वे युटात पोहोचल्यावर पूर्वेकडचं स्वस्त कापडही येऊ लागलं. चरित्रात 'सुगी' म्हटलेल्या वर्षांपुढे मी पुराची वर्षं मांडली, आणि नातीच्या मूळ मजकुराला हात न लावता समासात तपासाच्या टिपा जोडल्या. नदीकाठी आधीपासून शेती करणाऱ्या पायूट या मूळ रहिवासी लोकांचा तिथे जेमतेम उल्लेख होता, तीही टीप त्यात आहे.