आयर्विनपासून जतपर्यंत, पाण्याच्या मागोमाग

मे महिन्यात सांगलीत उतरलो की माझे पाय आधी आयर्विन पुलाकडे वळतात. पावसाळ्यात अख्ख्या गावाचा जीव या पुलापाशी टांगलेला असतो. "आयर्विनला किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. आता मात्र कृष्णा खाली हिरवट, गप्प पडलेली, आणि दोन्ही काठांना उसाचा हिरवा पडदा.

त्या पडद्यामागे मामांचं रान आहे, कसबे डिग्रजच्या बाजूला. लहानपणी त्या उसात शिरलो की वाट सापडायची नाही. या खेपेला मामा बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्ये बघ." समोर दीड एकर पांढरंफटक. मीठ फुटलेलं. पाय ठेवला की वरचा पापुद्रा करकरत मोडायचा आणि खालची काळी माती ओलसर, चिकट लागायची. वेडी बाभूळ सोडली तर काही उगवलेलं नाही. चिमूटभर माती जिभेला लावली. खारट आणि किंचित कडू.

"आमाला वाटायचं, पानी जेवढं पाजू तेवढा ऊस वाढंल," मामा म्हणाले. "रात्री लाईट आली की मोटार चालू करून झोपायचो."

काळी जमीन पाणी धरून ठेवते, पटकन सोडत नाही. वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडत गेलं की जमिनीखालची पातळी वर सरकते, मुळांपाशी येते. मग वरून ऊन ओढतं. पाणी वाफ होऊन जातं, त्यातलं मीठ मात्र रानातच राहतं. मिरज, वाळवा, पलूस आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात अशी क्षारपड रानं किती दिसतात! उपाय आहे. जमिनीत खोल सच्छिद्र पाइप पुरून निचरा ओढ्याला काढायचा. पण ओढ्यापर्यंत पाइप न्यायचा तर मधल्या सगळ्यांच्या रानातून न्यावा लागतो. मामांच्या आणि ओढ्याच्या मध्ये सात जणांची रानं आहेत, त्यातले दोघे अजून तयार नाहीत. पाणी घेताना प्रत्येकाची मोटार वेगळी होती, काढताना मात्र सगळे एकत्र आल्याशिवाय गत्यंतर नाही. मला हे फार लागलं.

निघताना मूठभर माती कागदात बांधून घेतली. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

मिरज ओलांडताना पाण्याची रेल्वे आठवली. एप्रिल २०१६ मध्ये याच स्टेशनातून कृष्णेचं पाणी वाघिणींत भरून लातूरला पाठवलं होतं. पुढे म्हैसाळ. इथं नदीचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कालव्यांतून कवठेमहांकाळ, जतकडे नेतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जतेत जेमतेम पाचशे. मधला फरक वीज जाळून भरून काढायचा. जतकरांनी या पाण्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली आहेत हे ज्यांनी पाहिलंय, ते या खर्चाला नाकं मुरडणार नाहीत. मीही मुरडत नाही.

कवठेमहांकाळनंतर रस्त्याच्या कडेला माळ, खडक, मेंढरं आणि मधूनच डाळिंबाच्या बागा. डफळापूरच्या पुढे कालव्याला पाणी होतं. एक आण्णा उसात दारं धरत होते. जतेत ऊस! सरी काठोकाठ भरलेली, पाणी बांधावरून ओसंडत होतं.

"आण्णा, एवढं पाणी कशाला?"

"आलंय तवर पाजून घ्यायचं. फुडलं आवर्तन कवा मिळंल, कुणाला ठावं?"

यावर मी काय बोलणार? कालव्याच्या शेवटाला राहणाऱ्या माणसाला पाण्याचा भरवसा नसतो. हाती आलेलं पाणी तो सोडणार कसा? आणि त्याच्याही पुढे ज्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नाही, ते मे महिन्यात टँकरची वाट बघत बसलेले असतात.

मी खिशातली पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मामांच्या रानाची हकीकत सांगितली. आण्णांनी माती चिमटीत चोळली, जिभेला लावली आणि थुंकले. "ह्ये नदीकाठचं रान?" त्यांनी दोनदा विचारलं. बराच वेळ मातीकडे बघत राहिले. मग खोरं उचललं. पुढची सरी अजून अर्धीच भिजली होती. त्यांनी दारं मोडलं आणि पाणी तिसऱ्या सरीत घातलं.